गुडघा दुखतो, खुबा मोडतो

आमच्या घरात आजीच्या मरणाची गोष्ट एका वाक्यात सांगतात : श्रावणात न्हाणीपाशी पडली आणि मार्गशीर्षात गेली.

साल १९८८. गाव पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत, डांबरी रस्त्यापासून दीड तास चालीचं. आजीचं वय सत्तरच्या पुढेमागे. पाऊस लागून राहिलेला, न्हाणीच्या दगडावर शेवाळ धरलेलं, तिच्या हातात पाण्याचा तांब्या. पडली ती उजव्या कुशीवर. घरातल्यांनी उचललं तेव्हा तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं होतं.

मी तेव्हा अकरा वर्षांचा. मला आठवते ती झोळी. बांबूला घोंगडी बांधलेली, पुढे दोघं, मागे दोघं, आणि निसरड्या पायवाटेवर थोड्या थोड्या वेळाने काकाचा आवाज, "आये, दम धर, पोचलोच आता." तालुक्याला फोटो काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि सांगितलं, खुब्याचं हाड मोडलंय, मुंबईला न्या, ऑपरेशन लागेल. धाकटा काका लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत राहायचा. रात्रभर बोलणं झालं. सकाळी ठरलं, या वयात चिरफाड नको. झोळी पुन्हा डोंगर चढली.

मग हाडवैद्य आला. त्याने पाला वाटून लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या, पायाला दोरीने वीट लटकवली आणि तीन महिने हलू नका म्हणाला. दुसऱ्या महिन्यात आजीच्या पाठीला जखमा झाल्या. तिसऱ्या महिन्यात ती माणसं ओळखेनाशी झाली. चौथ्यात संपलं सगळं.

"पडली म्हणून गेली," हे वाक्य मी पुढे तीस वर्षं ऐकत आलो. ते खोटं नाही. पण पडण्याआधीची दहा-बारा वर्षं आजी गुडघ्यांनी बेजार होती, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही. ती जिना उतरताना बसून उतरायची. परसाकडे जायला लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी प्यायची नाही. आठवडी बाजारातून तिच्यासाठी पुड्या यायच्या. गुडघेदुखीला आम्ही वय म्हणत होतो आणि पडण्याला नशीब. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, की आमच्या घरानेच ही चूक केली असं नाही. वैद्यकशास्त्राच्या इतिहासातही सांधेदुखी आणि मोडलेला खुबा ही दोन दुखणी फार काळ वेगवेगळ्या वह्यांत लिहिली गेली. त्या दोन वह्या एकमेकींना कशा जोडल्या गेल्या, त्याची ही हकिकत आहे.

*

सुरुवात घरापासूनच करू. महाडहून रायगडाकडे निघालं की गडाच्या पायथ्याशी पाचाड लागतं. तिथे जिजाबाईंच्या वाड्याचे अवशेष आहेत, जवळच त्यांची समाधी आहे. गडावरची थंड हवा आणि वारा त्यांना उतारवयात मानवेना म्हणून महाराजांनी पायथ्याशी वाडा बांधला, असं सांगतात. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा आणि त्यांचं निधन १७ जूनचं, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांनी. वय पंचाहत्तरीच्या पुढे गेलेलं.

वाड्याच्या आवारात एक विहीर आहे. तिला तक्क्याची विहीर म्हणतात, कारण काठाशी टेकून बसण्यासाठी दगडातच तक्क्या घडवलेला आहे. जिजाबाई तिथे बसत, अशी आठवण सांगितली जाते. त्यांना सांध्यांचं दुखणं होतं असं कोणत्याही कागदात नाही आणि मीही तसं सुचवत नाही. मला त्या दगडी तक्क्याकडे पाहताना एवढंच वाटतं, की ज्या मुलुखात कुठेही जायचं तर चढायचं किंवा उतरायचं असतं, तिथे म्हाताऱ्या शरीराचा विचार करून केलेल्या दोन गोष्टी इथे शेजारी शेजारी आहेत. घर चढावरून खाली आणलं आहे आणि पाठ टेकायला जागा केली आहे.

रायगडाला दीड हजारांच्या आसपास पायऱ्या. १९९६ साली रोपवे झाला आणि ज्यांचे गुडघे चालत नाहीत त्यांनाही चार-पाच मिनिटांत गड दिसू लागला. पण महाड-पोलादपूरच्या वाड्यांना रोपवे नाही. इकडे आंबेनळी, तिकडे कशेडी, पलीकडे वरंधा, अशा घाटांच्या मधल्या उतारांवर वसती विखुरलेली. तरणी माणसं मुंबईला, घरात म्हातारी आणि नातवंडं. वरकस जमिनीवर नाचणी-वरीची लावणी ओणव्याने, डोक्यावर लाकडाची मोळी, कमरेवर हंडा. असं आयुष्य काढलेला गुडघा साठीत कुरकुरायला लागला तर नवल नाही. आणि पावसाळ्याचे चार महिने पायाखालचा दगड निसरडा.

*

आपल्या जुन्या ग्रंथांत दोन्ही दुखण्यांची ओळख पक्की आहे. सांध्यांत शिरलेला वात चरक-सुश्रुतांना माहीत होता. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास झालेल्या 'माधवनिदाना'त आमवाताला स्वतंत्र प्रकरण मिळालं. सांधे सुजणं, जखडणं, एका सांध्यातून दुसऱ्यात दुखणं फिरणं, हे सगळं त्यात आलं. आज ज्याला आपण आमवात किंवा 'ऱ्हुमॅटॉइड' म्हणतो, त्याच्याशी ते वर्णन बरंच जुळतं.

मोडलेल्या हाडांसाठी सुश्रुतसंहितेत वेगळा विभाग आहे. सांधा निखळण्याचे सहा प्रकार आणि हाड मोडण्याचे बारा. कामट्यांसाठी कोणत्या झाडांच्या साली घ्याव्यात ते सांगितलं आहे. मांडी किंवा पिंढरीचं हाड मोडलेल्या रुग्णासाठी कपाटशयन सांगितलं आहे. म्हणजे फळीवर निजवायचं आणि दोन्ही बाजूंना व तळपायाशी मिळून पाच खुंट्या ठोकून पाय हलणार नाही अशी व्यवस्था करायची. आमच्या हाडवैद्याची वीट आणि कामट्या याच घराण्यातल्या. आणखी एक बारकावा आहे : हाड जुळायला लहान वयात एक महिना लागला तर मध्यम वयात दोन आणि उतारवयात तीन, असा हिशेब सुश्रुताने दिला आहे. हाडवैद्याने आजीला सांगितलेले तीन महिने कुठून आले, ते हे वाचल्यावर मला कळलं.

मात्र वाताचा अध्याय वेगळा आणि भग्नाचा वेगळा. पहिल्यातलं दुखणं माणसाला दुसऱ्याकडे ढकलतं का, हा प्रश्न त्या मांडणीत येत नाही.

युरोपातही तेच. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आम्ब्रोआज पारेने खुब्याजवळच्या मोडीचं वर्णन केलं. १८२२ मध्ये लंडनच्या अ‍ॅस्टली कूपरने निखळलेल्या आणि मोडलेल्या सांध्यांवरचा आपला मोठा ग्रंथ छापला. पन्नाशीच्या आत ही मोड क्वचित, बायकांत जास्त आणि निमित्त अगदी क्षुल्लक, असं त्याने नोंदवलं. लंडनमध्ये फुटपाथच्या कडेवरून पाय घसरणं एवढंही पुरतं, असं तो लिहितो. पाय आखूड होणं आणि पाऊल बाहेर वळणं हे त्याचंही निदान. आमच्या न्हाणीपाशी घरातल्यांनी जे पाहिलं तेच.

कूपरने आणखी एक महत्त्वाचा भेद केला. मांडीच्या हाडाला वर चेंडूसारखं डोकं असतं आणि ते एका अरुंद मानेवर बसवलेलं असतं. सांध्याला वेढणारी पिशवी त्या मानेवरून जाते. मोड पिशवीच्या बाहेर असेल तर हाड जुळतं. मोड पिशवीच्या आत, मानेतच असेल तर सहसा जुळत नाही. डोक्याला रक्त मुख्यतः मानेवरून वर चढणाऱ्या वाहिन्यांतून मिळतं. मान तुटली की त्या वाहिन्याही तुटतात आणि डोकं उपाशी पडतं.

हाडवैद्यांची कीर्ती आणि अपकीर्ती दोन्ही या एका भेदातून समजतात. पिशवीबाहेरची मोड कामट्या बांधून, वीट लटकवून, थोडी आखूड-वाकडी का होईना, जुळते. म्हातारा लंगडत का होईना उठतो आणि पंचक्रोशीत नाव होतं. मानेतली मोड तशीच राहते. तेव्हा लोक म्हणतात, म्हातारीत जीवच उरला नव्हता. बाहेरून पाहून या दोन मोडी वेगळ्या ओळखणं अनुभवी हातालाही कठीण. ते उघड दिसायला १८९५ चा क्ष-किरणांचा शोध लागायचा होता.

कूपरला दुसरीही गोष्ट कळली होती : म्हाताऱ्या माणसाला मोड मारत नाही, अंथरूण मारतं. मानेतल्या मोडीत हाड जुळवण्याच्या नादी न लागता दहा-पंधरा दिवसांत रुग्णाला उठवून बसवावं आणि कुबड्या द्याव्यात, असं त्याचं मत झालं होतं. आमच्या आजीला मिळालेला सल्ला नेमका उलटा होता. आणि तो देणारा माणूस वाईट नव्हता, त्याने पैसेसुद्धा घेतले नाहीत.

*

अंथरुणातून उठवण्याचा खरा मार्ग विसाव्या शतकात सापडला. बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसनने १९२५ पासून तीन पात्यांचा खिळा ठोकून मोडलेली मान जोडायला सुरुवात केली आणि १९३१ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. तरी १९३५ मध्ये शिकागोच्या केलॉग स्पीडने या मोडीला न सुटलेलं कोडं असंच नाव दिलं. १९४० मध्ये ऑस्टिन मूर आणि हॅरोल्ड बोलमन यांनी एका रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा वरचा भागच काढून त्या जागी धातूचा भाग बसवला. पुढे मूरचा आणि थॉम्पसनचा असे दोन धातूचे गोळे जगभर पोचले. जे डोकं जगणार नाही ते वाचवण्यात वेळ घालवू नका, बदला आणि रुग्णाला उभं करा, असा त्यामागचा विचार. १९६२ मध्ये इंग्लंडच्या जॉन चार्न्लीने प्लास्टिकची वाटी, धातूचा लहान गोळा आणि हाडात पक्कं बसवणारं सिमेंट यांतून पूर्ण खुबा बदलण्याची रीत बसवली.

भारतात मूर आणि थॉम्पसनचे गोळे पुढची कित्येक दशकं सरकारी रुग्णालयांचा मोठा आधार होते, कारण ते स्वस्त होते. आजीला १९८८ मध्ये मुंबईला नेलं असतं तर बहुधा त्यांतलाच एक बसला असता. म्हणजे उपाय शोधून झालेला होता, जुनाही झाला होता. आमच्या वाडीपासून तो दीड तासाची पायवाट, पावणेदोनशे किलोमीटरचा रस्ता आणि दहा बाय बाराची एक खोली एवढा लांब होता.

ही झाली मोड जोडण्याची वही. आता सांधेदुखीची.

*

१९७२ साली फॉस आणि बायर्स या दोन इंग्रज संशोधकांनी एक निरीक्षण मांडलं. झिजलेला खुबा आणि मोडलेला खुबा सहसा एकाच माणसात सापडत नाही. झीज झालेल्यांची हाडं उलट अधिक घट्ट असतात, मोड होते ती विरळ हाडांची. त्याआधी १९४१ मध्ये अमेरिकेच्या फुलर ऑलब्राइटने पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं कशी ठिसूळ होतात ते दाखवलं होतंच. दोन्ही एकत्र ठेवलं की चित्र सोपं दिसतं. स्थूल, सांधे दुखणारी म्हातारी एकीकडे, किरकोळ, ठिसूळ हाडांची दुसरीकडे. पहिलीला दुखणं, पण मोडीपासून सुटका. कित्येक वर्षं असा दिलासा दिला गेला की संधिवात हाडांना राखतो.

हा दिलासा टिकला नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेत हजारो म्हाताऱ्या बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. त्यात दिसलं, की सांधे झिजलेल्या बायकांची हाडं यंत्रावर घट्ट भरतात खरी, पण मोडी त्या मानाने कमी होत नाहीत. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासाने आणखी पुढे जाऊन सांगितलं, की गुडघा झिजलेल्यांमध्ये हाडांची घनता जास्त असूनही मोडी अधिक होतात. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासात गुडघेदुखी असलेल्यांत खुबा मोडण्याचा धोका वाढलेला आढळला.

हे कसं? घट्ट हाड तर मोडायला नको. पण हाड मोडायला दोन गोष्टी लागतात, हाड आणि पडणं. इतकी वर्षं सगळे हाडाकडे पाहत होते. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस कमी चालतो. कमी चालला की मांडीच्या पुढचे स्नायू बारीक होतात. तेच स्नायू गुडघा धरून ठेवतात, त्यामुळे गुडघा मध्येच दगा देतो. पाय घसरल्यावर तरणा माणूस क्षणात दुसरा पाय पुढे टाकून तोल सावरतो, इथे तो पाय वेळेवर येत नाही. चालण्याचा वेगच नसल्यामुळे माणूस पुढे हातांवर न पडता जागच्या जागी कुशीवर कोसळतो आणि सगळा भार थेट खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर येतो. त्यात झिजलेल्या सांध्यापाशी हाड कडक होतं, काटे वाढतात, आणि ते सगळं यंत्राला घनता म्हणून दिसतं. आकडा चांगला, मजबुती तेवढी नाही.

आजी उजव्या कुशीवर पडली होती. हे वाचताना मला न्हाणी दिसली.

*

आता हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे काय, असा प्रश्न येणारच. १९६७ मध्येच मुखोपाध्याय आणि बारुआ यांनी भारतीयांमधल्या खुब्याच्या झिजेवर लिहिलं होतं, आणि आपल्याकडचे अस्थिशल्यविशारद जे रोज पाहत होते त्याला तो अभ्यास धरून होता : आपल्यात खुबा गोऱ्यांइतका झिजत नाही. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं यांचा त्याच्याशी संबंध जोडला जातो. आपल्याकडे झिजतो तो गुडघा.

किती, याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका गावाने दिलं. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातलं भिगवण. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमाखाली तिथे घरोघर पाहणी सुरू केली. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून प्रश्न विचारायला पाठवलं. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे सुमारे अठरा टक्क्यांना, हाडा-सांध्यांचं दुखणं होतं. झिजेचा संधिवात सुमारे सहा टक्क्यांना, आमवात दर दोनशेत साधारण एकाला. दुखण्याच्या जागांत गुडघा पुढे. आजवर जे वय म्हणून सोडून दिलं जात होतं, ते एका मराठी गावाने मोजून दाखवलं.

मोडींची मोजणी हरियाणात झाली. रोहतक जिल्ह्यातल्या अभ्यासात, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, पन्नाशीपुढच्या दर लाख माणसांमागे वर्षाला १२९ जणांचा खुबा मोडत होता, बायकांत १५९ आणि पुरुषांत १०५. युरोपच्या उत्तरेकडच्या देशांपेक्षा हे बरंच कमी. पण आपल्याकडची म्हातारी माणसं संख्येने किती, आणि ती आता किती जास्त जगतात, हे लक्षात घेतलं की कमीचा अर्थ बदलतो.

मोजण्याने काय होतं, ते महाडला वेगळं सांगायला नको. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी याच भागात विंचूदंशाचे रुग्ण रात्रंदिवस पाहिले, एकेकाच्या नाडीची, रक्तदाबाची नोंद ठेवली आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध विंचवाच्या विषावर चालतं हे दाखवलं. १९८६ मध्ये ते काम 'लॅन्सेट'मध्ये आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तोवर विंचू चावून माणूस मरायचा तेव्हा लोक नशीबच म्हणत. आज विंचू चावला की गाडी काढतात. म्हातारी पडली की अजूनही आधी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

*

पुड्यांबद्दल लिहिलंच पाहिजे.

१९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला एका नव्या द्रव्याची सुई दिली. काही दिवसांत ती चालत खरेदीला बाहेर पडली. ते द्रव्य म्हणजे कॉर्टिझोन. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. इतक्या लवकर मिळालेली नोबेलं थोडी. १९५५ च्या सुमारास प्रेडनिसोलोन आलं, पाठोपाठ डेक्सामेथासोन. गोळ्या स्वस्त झाल्या.

उलट बाजूही ठाऊक होती. शरीरात ही द्रव्यं आपसूक वाढली की काय होतं, ते हार्वी कुशिंगने १९३२ मध्येच लिहून ठेवलं होतं : चेहरा गोल होतो, कातडी पातळ होते, हातापायांचे स्नायू झडतात, हाडं विरळ होतात. वैद्यकाच्या देखरेखीखाली, योग्य आजाराला, मोजून दिली तर ही औषधं जीव वाचवतात. आमवातात तर त्यांची गरज पडते. खुद्द आमवातही, औषध असो नसो, हाडं पोखरतो. म्हणूनच २००८ मध्ये शेफील्ड विद्यापीठाने मोडीचा धोका काढण्याचं 'फ्रॅक्स' हे साधन केलं, तेव्हा त्यात आमवात आणि स्टेरॉइड यांना वेगवेगळे रकाने दिले. झिजेच्या संधिवाताला मात्र त्यात रकाना नाही.

झाडपाल्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचे प्रकार देशभर पुन्हा पुन्हा उघडकीस आले आहेत. आजीच्या पुड्यांत काय होतं ते कुणी तपासलं नाही, त्यामुळे मी शपथेवर काही सांगणार नाही. मला आठवतं ते सांगतो. पुडी घेतल्यावर दोन दिवसांत ती चालायला लागायची. पुड्या संपल्या की पहिल्यापेक्षा जास्त आखडायची. शेवटच्या दोन-तीन वर्षांत तिचा चेहरा गोल, भरलेला झाला होता, हातावर जरा लागलं तरी काळंनिळं व्हायचं आणि लुगड्याखाली पाय काटक्यांसारखे झाले होते. मुंबईहून आलेले पाहुणे म्हणायचे, "आजी, तब्येत सुधारली हां तुझी." विकणारा माणूसही तिला आजीच म्हणायचा, उधारही द्यायचा.

*

१९८८ नंतर इकडे बरंच बदललं. १९९३ मध्ये कोकण रेल्वे महाडजवळच्या वीरपर्यंत आली. २०१२ च्या जुलैमध्ये राज्याची जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका फिरू लागली. जगात आता प्रश्न वेगळाच चालला आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यात भारतासह सतरा देशांतले जवळपास तीन हजार रुग्ण होते, मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया सहा तासांत करावी की चोवीस तासांत, हे तपासलं गेलं. मृत्यूंत फारसा फरक पडला नाही. लवकर शस्त्रक्रिया झालेले लवकर उभे राहिले आणि त्यांच्यात भ्रम होण्याचं प्रमाण कमी होतं. आमच्याकडे आजीबद्दल रात्रभर बोलणं झालं, त्या एका रात्रीत तिकडे दोन्ही गट बसतात.

रस्ते झाले तरी डोंगर तोच आहे. २०१६ च्या ऑगस्टात सावित्रीवरचा जुना पूल एका रात्रीत वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड आली, त्याच दिवशी महाड पाण्याखाली होतं. अशा आठवड्यात कुणाची आजी न्हाणीत पडली तर तिची झोळी आजही आमच्या झोळीसारखीच निघते. म्हणून रुग्णालय जवळ आणण्याइतकंच, माणूस पडूच नये यासाठी आधीची वर्षं महत्त्वाची ठरतात. ती वर्षं गुडघ्याच्या हातात असतात.

त्या वर्षांत करण्यासारखं जे आहे ते फार थोडं आणि फार साधं आहे. दुखणाऱ्या गुडघ्याने सुद्धा रोज चालणं आणि मांडीचे स्नायू राखणारा व्यायाम. नाव नसलेल्या पुडीला नाही म्हणणं. हाडांची तपासणी, आणि गरज असेल तर त्यांचं औषध. नाचणी आपल्याच वरकसावर पिकत होती आणि तिच्यात कॅल्शियम भरपूर, तिला ताटात परत जागा देणं. न्हाणीला खरबरीत फरशी, धरायला दांडी, रात्री वाटेवर दिवा. कुबडी किंवा काठी लाज न बाळगता वापरणं. हे सगळं खर्चाचं कमी आणि चिकाटीचं जास्त. आणि घरातल्या कुणीतरी गुडघेदुखीकडे पडण्याची पूर्वसूचना म्हणून पाहिलं, तरच ते होतं.

माझी आई आता बहात्तर वर्षांची आहे. ती गावीच राहते, मुंबईला चार दिवसांत कंटाळते. दोन्ही गुडघे दुखतात. मागच्या मे महिन्यात मी न्हाणीतला तो दगड काढायचं म्हटलं तर म्हणाली, "सासूबाईंच्या हातचा आहे, राहू दे." दगड काढला नाही. तो उचलून अंगणात तुळशीपाशी लावला, बसायला. न्हाणीत खरबरीत लादी घातली आणि दोन्ही बाजूंना नळाच्या पाइपाच्या दांड्या बसवल्या. पहिले दोन दिवस तिने त्यांवर लुगडी वाळत घातली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत पडवीत बसलो होतो, तेव्हा न्हाणीतून बाहेर येताना तिने दांडी धरली. मी पाहिलं हे तिला कळलं. काही बोलली नाही.